शनिवारची शाळा बंद केली तर खरंच पैसे वाचतात का? एका अकाउंटवाल्याचं सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळा, पहिली ते दहावी, ७०० मुलं, स्वतःच्या ६ बस, वर्षाचा खर्च २ कोटी. शनिवारची सकाळची शाळा बंद करून पाच दिवसांचा आठवडा करायचं संस्थेत चाललंय, सचिवांच्या मते वर्षाला ८ लाख वाचतील, आणि कुणीतरी असंही म्हणालं की अमेरिकेत तर चार दिवसांवर आलेत. विचारणारे नवीन खजिनदार आहेत, मीटिंगच्या आधी हिशोब तपासून हवाय, आणि खर्चाची हेडवार यादी त्यांनी प्रश्नासोबतच दिलीये हे लई चांगलं केलं, नाहीतर लोक नुसतं "किती वाचतील" विचारतात आणि मग मी काय हवेत सांगणार.

मी २६ वर्षं शाळांची खाती बघतोय. सुरुवात राजारामपुरीत एका टॅक्सवाल्यांकडे उमेदवारी करत झाली, मग एका शिक्षण संस्थेत अकाउंटंट, आता चार-पाच संस्थांची बजेटं आणि ऑडिटची तयारी करून देतो. आठवडा लहान करायचा विषय माझ्यापुढं आत्तापर्यंत तीनदा आलाय आणि तिन्ही वेळेला सुरुवातीचा आकडा मोठा आणि शेवटचा आकडा चहापाण्याएवढा असंच झालंय.

आधी ते ८ लाख आले कुठून ते बघू. तुमच्या यादीत बसचा एकूण खर्च ४३ लाख आहे. त्याला सहानं भागलं की ७ लाख १७ हजार येतात, त्यात लाईट आणि साफसफाईचं काहीतरी मिळवलं की झाले ८ लाख. म्हणजे सचिवांनी आठवड्याचे सहा दिवस धरले आणि सहावा भाग कापला. गणित म्हणून बरोबर आहे, पण खर्च असा दिवसावर चालत नाही. खर्च कशावर चालतोय ते प्रत्येक ओळीला विचारावं लागतं: बाई तू महिन्यावर चालतीस, किलोमीटरवर चालतीस, मुलांच्या संख्येवर चालतीस का दिवसावर? दिवसावर चालणारी ओळ शाळेच्या खात्यात फार कमी असते हो.

पगाराचं घ्या. पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद धरून तुमचे १ कोटी २८ लाख, म्हणजे २ कोटीतले ६४ टक्के. ही ओळ महिन्यावर चालते. शनिवार बंद केला म्हणून एकाही मॅडमचा पगार कमी करता येत नाही, खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा बाजूला ठेवला तरी माणुसकी म्हणून पण नाही, आणि केलाच तर चांगले शिक्षक सर्वात आधी जातात, राहतात ते ज्यांना दुसरीकडं कुणी घेत नाही. त्यामुळं ६४ टक्के खर्चावर बचत शून्य. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, कारण आता आपण उरलेल्या ३६ टक्क्यांतच चाचपडतोय.

आता बस. ४३ लाख मी असे फोडले: ६ ड्रायव्हर आणि बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या ६ मावशी मिळून महिन्याला बसमागे २३ हजार, वर्षाचे साडेसोळा लाख. इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग मिळून ५ लाख. दोन गाड्यांचा बँकेचा हप्ता साडेचार लाख. टायर, सर्व्हिसिंग, रिपेअरी पावणेतीन लाख. आणि डिझेल सव्वाचौदा लाख. ह्यातलं दिवसावर काय चालतंय? डिझेल आणि थोडं टायर-रिपेअरी, बास. बँकवाला शनिवारी गाडी उभी होती म्हणून हप्ता कमी करत नाही, इन्शुरन्सवाला तर त्याहून नाही.

ड्रायव्हरचं लोक मला नेहमी विचारतात की त्याला पाच दिवसांवर आणलं तर? आणून बघा. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसवाहतुकीला ड्रायव्हर मिळत नाहीत, तिकडं रोख पैसा असतोय, तुमचा माणूस दिवाळीनंतर परत येणारच नाही. एका संस्थेनं ड्रायव्हरांना रोजावर केलं होतं, नोव्हेंबरात सहापैकी दोन गेले आणि मग महिनाभर बाहेरची गाडी भाड्यानं लावली, त्या एका महिन्याच्या बिलात वर्षाची बचत गेली. मी तेव्हा तिथं अकाउंटला होतो, व्हाउचर माझ्याच हातचं आहे.

तर डिझेलचा हिशोब. तुम्ही लिहिलंय एक बस दोन खेपा मिळून दिवसाला ६० किलोमीटर पळते. थांबे, चढ, सकाळची गर्दी धरून मोठ्या बसला लिटरला ५ चं ॲव्हरेज धरू, म्हणजे १२ लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर बसमागे १०८० आणि सहा बसचे दिवसाचे ६४८०. तुमच्या वार्षिक नियोजनात मोठ्या सुट्ट्या आणि सण वजा जाता ३६ शनिवार भरतात. ३६ गुणिले ६४८० म्हणजे २ लाख ३३ हजार. टायर-रिपेअरीचे किलोमीटरला ३ रुपये धरून अजून ३९ हजार. बसची खरी बचत पावणेतीन लाख, ७ लाख नव्हे.

इथं एक गंमत सांगतो जी कुणाच्या लक्षात येत नाही. शनिवार हा आपल्या आठवड्यातला सर्वात महाग दिवस आहे. मुलगा सहा तास शिकायला आला तरी बस तेवढीच पळते आणि साडेतीन तासाला आला तरी तेवढीच. बाकीच्या दिवशी शिकवण्याच्या एका तासामागं डिझेल पडतंय १०८० रुपयाचं, शनिवारी पडतंय १८५० रुपयाचं. त्यामुळं सचिवांच्या मनात जे आहे ते चुकीचं नाही, त्यांना काहीतरी खुपतंय ते बरोबर खुपतंय, फक्त आकडा चुकला. हे मीटिंगमध्ये आवर्जून सांगा, नाहीतर तुम्ही आल्या आल्या त्यांना खोडून काढायला बसलाय असं होईल आणि मग पुढचं कुणी ऐकणार नाही. संस्थेचं राजकारण तुम्हाला मी काय सांगायचं.

लाईटचं फार बोलत नाही. बिल उघडून बघा, स्थिर आकार वेगळा, वीज आकार वेगळा, वहन आकार वेगळा. स्थिर आकार शाळा बंद असली तरी येतोच. शनिवारी सकाळी तसेही वर्गात पंखे अर्धा वेळच, आणि शाळा बंद केली तरी ऑफिस चालू, पंप चालू, सीसीटीव्ही चालू, कॉम्प्युटर लॅबचा एसी कुणीतरी चालू ठेवलेलाच असतोय. वर्षाला २० ते २५ हजार धरा. फिनेल, टँकर, किरकोळ १५ हजार.

झालं, बेरीज करा. पावणेतीन लाख अधिक ३५-४० हजार, ३ लाख १० हजाराच्या आसपास. २ कोटीच्या बजेटवर दीड टक्का.

आता अमेरिकेचं, कारण ते मीटिंगमध्ये निघणारच. तिथं चार दिवसांचा आठवडा काही नवा नाही, १९७३ च्या तेलटंचाईत डिझेल-पेट्रोल महागलं आणि न्यू मेक्सिको राज्यातल्या सिमारॉन नावाच्या छोट्या गावच्या शाळांनी १९७४ मध्ये तो सुरू केला. खेड्यापाड्यात शाळा लांब लांब, बसचा पल्ला मोठा, म्हणून त्यांना ते परवडलं. पुढं २००८ च्या मंदीनंतर लई पसरलं, आता तिथले शेकडो शाळा-जिल्हे (म्हणजे आपल्यासारखा जिल्हा नव्हे, एका भागातल्या सरकारी शाळा चालवणारं स्थानिक मंडळ) चार दिवसांवर आहेत. बचतीचं म्हणाल तर तिथल्या एज्युकेशन कमिशन ऑफ द स्टेट्स ह्या संस्थेनं २०११ मध्ये हिशोब मांडला होता: कागदावर जास्तीत जास्त ५.४३ टक्के वाचू शकतात, पण ज्या सहा जिल्ह्यांची खाती प्रत्यक्ष तपासली तिथं वाचले ०.४ ते २.५ टक्के. म्हणजे एक अख्खा दिवस, आठवड्याचा वीस टक्के भाग काढला तरी अडीच टक्क्यांच्या वर कुणी गेलं नाही. आपला दीड टक्का त्यातच बसतोय, आणि कारण तेच आहे, पगार हलत नाही.

गंमत म्हणजे तिथल्या लोकांनाही हे कळून चुकलंय. कोलोरॅडोतल्या २७जे नावाच्या जिल्ह्यानं २०१८ ला चार दिवस केले कारण तिथले मतदार शाळेसाठी जादा कर द्यायला परत परत नाही म्हणत होते आणि शेजारचे जिल्हे जास्त पगार देऊन शिक्षक पळवत होते. मिसुरीतल्या इंडिपेंडन्स जिल्ह्यानं २०२३ ला केलं ते तर उघडपणे शिक्षक मिळावेत म्हणून. पगार वाढवता येत नाही तर सुट्टी वाढवून देतो, असा तो सौदा आहे. तुमच्या संस्थेचा पण मनातला हेतू तोच असेल तर तसं स्पष्ट बोला, तो हेतू वाईट नाही, शेजारच्या सीबीएसई शाळेत पाच दिवस असल्यामुळं तुमच्या मॅडम तिकडं जातायत का हे हजेरी आणि राजीनाम्याच्या फाईलीत दिसेल. पण मग त्याला बचत म्हणू नका.

आणि अमेरिकेत ते जमतं त्याचं एक कारण असं की बऱ्याच राज्यांत कायदा आता दिवस मोजत नाही, तास मोजतो. मिसुरीत वर्षाला १०४४ तास भरवा म्हणतात, किती दिवसांत भरवायचे ते बहुतेक ठिकाणी तुमचं तुम्ही बघा. चार दिवस लांब केले की तास भरले.

आपल्याकडं घोडं इथंच अडतंय आणि हे सचिवांनी बघितलेलंच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात दोन्ही दिलंय. पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. विनाअनुदानित म्हणून सुटका नाही. तुमचं नियोजन २२० दिवसांचं आहे, म्हणजे आत्ताच काठावर. त्यातले ३६ शनिवार काढले की राहतात १८४. रोजची शाळा अर्धा-पाऊण तास वाढवून तास बसवता येतात, पण दिवस बसत नाहीत. पाचवीपर्यंतसुद्धा १६ दिवस कमी पडतात आणि सहावीच्या पुढं ३६.

मग ज्या शाळा पाच दिवस चालतात त्या कशा बसवतात? सुट्ट्या कापून. दिवाळीची सुट्टी छोटी, मेमधली उशिरा सुरू, जून लवकर. म्हणजे सोमवार ते शुक्रवार जास्त आठवडे भरवतात. आता परत डिझेलकडं या: शनिवारच्या ३६ फेऱ्या वाचल्या आणि एप्रिल-मे-जूनमध्ये ३६ फेऱ्या नव्यानं आल्या. बचत? शून्य. उलट मे महिन्याच्या उन्हात पंखे पूर्ण दिवस, पाण्याचे टँकर, आणि मे म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे आणि घरच्या लग्नाचे दिवस, रजेवर बदली शिक्षक. मी एका संस्थेला हे मांडून दाखवलं तेव्हा त्यांचा हिशोब वजा ४० हजारावर आला होता. आठवडा छोटा केला आणि खर्च वाढला, असं पण होतंय.

थोडक्यात तुमचे ३ लाख १० हजार फक्त तेव्हाच वाचतात जेव्हा शाळेचे दिवस खरोखर कमी होतात, आणि दिवस कमी करायला कायदा परवानगी देत नाही.

समजा तरीसुद्धा काहीतरी करून केलं. आता पालक. ३८० मुलं बसनं येतात, महिन्याला ११०० रुपये, दहा महिन्यांचे ४१ लाख ८० हजार जमा होतात, म्हणजे बसचा विभाग तसाही सव्वा लाखाच्या तोट्यात आहे. ज्या दिवशी शनिवार बंदची नोटीस जाईल त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वर्गाच्या ग्रुपवर पहिला मेसेज काय असेल सांगू? "बसची फी कमी करा." आणि त्यांचं चूक कसं म्हणायचं, सहा दिवसांचे पैसे घेता आणि पाच दिवस गाडी पाठवता. तुम्ही महिन्याला फक्त १०० रुपये कमी केले तर ३८० गुणिले १०० गुणिले १० म्हणजे ३ लाख ८० हजार गेले. वाचवलेले सगळे गेले आणि वर ७० हजार खिशातून. पालक सहावा भाग मागतील, तो तर सात लाखाच्या घरात जातो.

कोरोनात हेच झालं होतं, आठवतंय ना. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारनं १५ टक्के फी कपातीचा आदेश काढला, शाळा बंद म्हणजे खर्च बंद असं सगळ्यांना वाटत होतं. मी त्या वर्षी तीन संस्थांचे ताळेबंद केले. डिझेल खरंच गेलं होतं, लाईट निम्म्यावर आलं होतं, आणि पगार, हप्ते, घरफाळा, इन्शुरन्स सगळं जागच्या जागी. काही ठिकाणी पगारच निम्मे दिले गेले, पण ती बचत नव्हे, ते शिक्षकांचं नुकसान होतं, आणि त्यातले काही वाद अजून मिटलेले नाहीत.

पुराचं पण बघा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेनं शाळा बंद पाडल्या. मी हौसेनं त्या महिन्यांची खाती आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्यांशी लावून बघितली होती, बायको म्हणाली लोक पुरात सामान हलवतायत आणि तुम्ही लेजर घेऊन बसलाय. पण त्यात दिसलं असं की नऊ दिवस शाळा बंद राहूनसुद्धा महिन्याचा एकूण खर्च दोन टक्के पण कमी नव्हता, आणि पुढं बुडलेले दिवस भरायला शनिवार पूर्णवेळ घेतले त्यात तो पण गेला. शनिवार ही आपली राखीव टाकी आहे हो. पावसाळ्यात रस्ते बंद, कलेक्टरांची सुट्टी, निवडणुकीला शाळा ताब्यात, हे सगळं भरून काढायला शनिवारच कामाला येतो. तो एकदा पालकांना देऊन टाकला की परत मागता येत नाही.

पालकांच्या बाजूनं एक गोष्ट आकड्यात दिसत नाही पण मीटिंगमध्ये येणारच. तुमच्याकडचे निम्मे पालक शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत आहेत असं तुम्ही लिहिलंय. सरकारी नोकरीवाल्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे (त्यातून शाळा-कॉलेज वगळलीयत हे पण लक्षात ठेवा, लोक तो दाखला देतात). पण फाउंड्रीतल्या सुपरवायझरला, दुकानदाराला, हॉस्पिटलातल्या नर्सला शनिवार कामाचाच आहे. त्यांनी मुलाला कुठं ठेवायचं? आजी-आजोबा असतील तर ठीक, नाहीतर पाळणाघर नाहीतर शनिवारची ट्यूशन. म्हणजे शाळेच्या खात्यातून ३ लाख कमी झाले तर गावाच्या खिशातून त्याच्या कितीतरी पट जाणार.

हे जपानमध्ये झालेलं आहे. त्यांची पण आपल्यासारखी शनिवारची अर्धी शाळा होती. १९९२ पासून महिन्यातला एक शनिवार बंद, १९९५ पासून दोन, आणि २००२ पासून सगळे. ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलं क्लासला घातली, ज्यांची नव्हती त्यांची मुलं टीव्हीपुढं बसली, आणि अभ्यासाच्या वेळेतली श्रीमंत-गरीब दरी वाढली असं तिथल्याच अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं. नंतर सरकारलाच शनिवारी वर्ग घ्यायला वाट मोकळी करून द्यावी लागली. फ्रान्सची कथा उलट्या बाजूची आहे. तिथं २००८ ला प्राथमिक शाळेचा शनिवार सकाळचा भाग बंद करून आठवडा चार दिवसांचा केला, २०१३ ला सरकारला वाटलं मुलांचे दिवस फार लांब झालेत म्हणून बुधवारी सकाळी अर्धा दिवस परत आणला, तर रिकाम्या झालेल्या दुपारच्या वेळेत मुलांना गुंतवून ठेवायचा खर्च आला गावच्या नगरपालिकेवर. २०१७ ला परत फिरायची मुभा मिळाली तशी बहुतेक गावं चार दिवसांवर गेली. अर्धा दिवस काढा नाहीतर घाला, बिल कुणाच्या तरी नावानं फाटतंच.

तुमच्या संस्थेची कागलकडची दुसरी शाळा अनुदानित आहे, तिथं पण हेच करू का असं शेवटी विचारलंय. तिथं तर विषयच नाही. पगार सरकार शालार्थ ह्या आपल्या ऑनलाईन पगार प्रणालीतून देतंय, तो वाचून संस्थेला काय? वेतनेतर अनुदान, म्हणजे पगार सोडून बाकी खर्चाला मिळणारं, पगाराच्या टक्केवारीवर ठरतं, दिवसांवर नाही. पोषण आहाराचे पैसे जेवणाऱ्या मुलामागं दिवसाला येतात, मे २०२५ पासून पाचवीपर्यंत ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवी १० रुपये १७ पैसे, वर तांदूळ १०० नाहीतर १५० ग्रॅम. शनिवार बंद केला की खर्च कमी आणि तेवढीच जमा कमी, तुमच्या वहीत दोन्ही बाजू सारख्याच. स्वयंपाकीण बाईंचं मानधन महिन्याचं आहे ते तसंच. बदलतं काय तर त्या पोराचं एक जेवण कमी होतं. झेडपीच्या शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पण पटावर आहे, ३० पर्यंत मुलं असतील तर १० हजार, ३१ ते १०० ला २५ हजार, असं. तिथं आठवडा कितीचा ह्याचा संबंधच येत नाही.

मग करायचं काय? मी असतो तर दोन गोष्टी मांडल्या असत्या.

पहिली, कायद्यात बसणारी छोटी बचत. पहिली ते पाचवीला २०० दिवस पुरतात, तुमचे २२० आहेत. म्हणजे छोट्यांना वर्षातले २० शनिवार सुट्टी देता येते, १८४ पूर्ण दिवस आणि १६ शनिवार, तास पण आरामात ८०० च्या वर जातात. त्या २० शनिवारी ३ बसमध्ये काम भागलं तर २० गुणिले ३ गुणिले १०८० म्हणजे ६५ हजार वाचतात. एक अडचण आहे, एका घरातली दोन भावंडं, धाकटी घरी आणि थोरला शाळेत, आया कुरकुर करतील. आणि त्या दिवशी ३ बसचे रूट खरंच जुळतात का हे आधी कागदावर मांडून बघा, कारण एका ठिकाणी दुसरा-चौथा शनिवार बंद केला होता आणि दहावीच्या जादा तासाला, स्कॉलरशिपच्या वर्गाला आणि कबड्डीच्या प्रॅक्टिसला म्हणून सगळ्याच गाड्या निघत होत्या, प्रत्येकीत आठ-दहा पोरं. रिकाम्या बसला पण डिझेल तेवढंच लागतंय.

आणि २० राखीव दिवस एकदम देऊन टाकू नका. १२ जाहीर करा, ८ हाताशी ठेवा, पावसाळा झाला की दिवाळीनंतर बघू म्हणून सांगा.

दुसरी गोष्ट मोठी आहे आणि शनिवाराशी तिचा काही संबंध नाही. ३८० मुलं, ६ बस, दोन-दोन खेपा म्हणजे १२ खेपा, खेपेला ३२ मुलं. गाडी ४० सीटची. पाच बसमध्ये १० खेपा केल्या तर खेपेला ३८ बसतात. एक बस काढली की ड्रायव्हर-मावशीचे पावणेतीन लाख, इन्शुरन्स-पासिंगचे ८० हजार, आणि बाकीच्या गाड्या थोड्या जास्त फिरतील ते धरून पण डिझेलचे लाख-सव्वा लाख. साडेचार लाखाच्या वर जातंय, शनिवार बंद करण्यापेक्षा दीडपट, आणि शाळेचा एक दिवस कमी होत नाही. ड्रायव्हरला काढायचं नाही, वर्ष-दोन वर्षांत कुणीतरी स्वतःहून जातोच, ती जागा भरायची नाही. ह्यात त्रास म्हणजे पाचगाव आणि आर. के. नगरकडच्या मुलांना दहा-पंधरा मिनिटं गाडीत जास्त बसावं लागेल आणि थांबे एकत्र करताना प्रत्येक पालकाला गाडी दारातच हवी असते. चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवायचे नाहीत असं २०२४ ला आलं तेव्हा दोन खेपांचं वेळापत्रक तसंही सगळ्यांचं नव्यानं बसवावं लागलं, तुमच्याकडं ते कसं बसवलंय माहीत नाही, कदाचित तिथंच थोडी हवा सापडेल.

रूट बसवायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही. जुन्या ड्रायव्हरला आणि सर्वात जुन्या मावशीला चहा पाजा, समोर शहराचा नकाशा ठेवा, ऑफिसच्या खोलीतून ट्रान्सपोर्ट इन्चार्जला जरा वेळ बाहेर पाठवा. कुठल्या थांब्यावर दोनच पोरं चढतात आणि कुठली गाडी कुणाच्या सोयीसाठी कुणाच्या घरावरून फिरून येते हे ते दोघं अर्ध्या तासात सांगतील.

मीटिंगला जाताना सोबत तीन कागद ठेवा: ह्या वर्षीचं दिवसांचं नियोजन, बारा महिन्यांची लाईट बिलं, आणि बसनिहाय डिझेलचं रजिस्टर, त्यात रोजचं किलोमीटर लिहिलेलं असलं पाहिजे. ते रजिस्टर नसेल किंवा सगळ्या बसचं मिळून एकच लिहिलेलं असेल तर आधी ते सोमवारपासून वेगळं सुरू करा, कारण मी वर जे ५ चं ॲव्हरेज धरलंय ते चांगल्या गाडीचं आहे, आणि सहातली एखादी जर साडेतीन देत असेल तर तुमचे शनिवारचे पैसे त्या एका गाडीच्या टाकीतूनच चाललेत.